वर्षाच्या मध्यावर दमलेल्या नव्या शिक्षकाला उभारी कशी द्यायची? अनुभवी सहकाऱ्यांसाठी पायरीपायरीने

सत्राच्या सुरुवातीला स्टाफरूममध्ये सगळ्यांशी बोलणारे नवे शिक्षक वर्ष अर्ध्यावर आलं की मोकळ्या तासालाही वर्गातच बसून राहतात. टेबलावर न तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा असतो, घसा बसलेला असतो. विचारलं तर उत्तर मिळतं, "ठीक चाललंय." तुम्ही त्याच शाळेत दहा-पंधरा वर्षं काढलेली असली, तर हे चित्र तुम्हाला नवं नाही. तरीही बहुतेक वेळा आपण "पहिलं वर्ष असंच असतं" म्हणून पुढे जातो. पहिलं वर्ष असंच असतं हे खरं, पण ते सुसह्य करण्यासारखं बरंच काही तुमच्या हातात असतं. हा लेख त्यासाठी आहे: मुख्याध्यापकांसाठी, विषयप्रमुखांसाठी आणि शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या कुणाही जाणत्या शिक्षकासाठी. नव्या शिक्षकांनी स्वतः वाचला तरी हरकत नाही.

कॅलिफोर्नियात नव्या शिक्षकांना मार्गदर्शन करण्याचं काम उभं करणाऱ्या एलन मॉयर यांनी १९९० मध्ये पहिल्या वर्षाचे टप्पे मांडले. आधी उत्सुकता, मग कसाबसा तग धरणं, मग भ्रमनिरास, त्यानंतर उभारी आणि शेवटी मागे वळून पाहणं. सहा ते आठ आठवडे अखंड काम झालं की भ्रमनिरासाचा टप्पा सुरू होतो आणि वर्षाच्या मधल्या मोठ्या सुट्टीनंतर हळूहळू उभारी येते, असं त्यांचं निरीक्षण होतं. नव्या शिक्षकांना हा क्रम एकदा सांगून टाका. आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटणाऱ्या माणसाला, ही वाट बऱ्याच जणांनी चाललेली आहे एवढं कळलं तरी धीर येतो.

मात्र सुट्टी आली की उभारी आपोआप येईल, या भरवशावर राहू नका. माझं मत असं की दमलेल्या शिक्षकाला प्रेरणादायी भाषणाचा काडीचाही उपयोग नसतो. आधी कामाचा भार उतरवायचा, मग वर्गाची घडी बसवायची, मग शिकवण्याचा परिणाम त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यायचा. क्रम हाच ठेवा. रात्री अकरापर्यंत वह्या तपासणाऱ्या माणसाला "मुलांची प्रगती बघा ना" म्हणणं क्रूरपणाचं आहे.

पायरी १: नेमकं काय दुखतंय ते शोधा

"कसं चाललंय?" हा प्रश्न टाळा, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. "या आठवड्यात कोणता तास कधी संपतो असं झालं होतं?" "घरी गेल्यावर पहिला तासभर कसा जातो?" "कोणतं काम करताना वाटतं की हे कशासाठी करतोय?" ऐकताना मध्ये स्वतःच्या पहिल्या वर्षाच्या कहाण्या सुरू करू नका. त्या सांगायला आपल्याला आवडतात, पण समोरच्याचं बोलणं तिथेच थांबतं.

ख्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये कामाचा थकवा मोजण्याची जी प्रश्नावली मांडली, तिचे तीन भाग इथे उपयोगी पडतात. पहिला, भावनिक थकवा: सकाळी उठल्यापासूनच दमल्यासारखं वाटणं. दुसरा, कोरडेपणा: मुलांबद्दल "ही कार्टी सुधारणार नाहीत" अशी भाषा तोंडात येणं. तिसरा, आपल्याला हे काम जमतच नाही ही भावना. तीनही एकत्र असू शकतात, पण कुठला भाग जास्त आहे ते ओळखा, कारण उपाय वेगळे आहेत. थकवा जास्त असेल तर दुसरी पायरी तातडीची. कोरडेपणा बहुधा वर्ग हाताबाहेर गेल्यावर येतो, तिथे तिसऱ्या पायरीवर भर द्या. "जमत नाही" हे पालुपद असेल तर चौथी.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद कामाशी निगडित बाब म्हणून केली, आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यानं ती येते, असं तिचं वर्णन आहे. म्हणजे नुसतं "योगा करा, छंद जोपासा" सांगून भागत नाही, कामातच बदल करावा लागतो. पण एक रेघ स्पष्ट ठेवा. आठवडेच्या आठवडे झोप उडालेली असेल, सतत रडू येत असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणं नकोसं झाल्याचा उल्लेख आला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्या व्यक्तीला लगेच डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. "जा" म्हणू नका, सोबत जा.

आणखी एक. ही बोलणी शक्यतो गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या व्यक्तीनं करू नयेत. तुम्हीच मुख्याध्यापक असाल आणि दुसरं कुणी नसेल, तर सुरुवातीलाच सांगा: "इथं बोललेलं मूल्यमापनात येणार नाही." आणि मग तो शब्द पाळा.

पायरी २: भार उतरवा

एक आठवडा नव्या शिक्षकांना साधी नोंद ठेवायला सांगा: शिकवण्याचे तास सोडून वेळ कुठे गेला. पाठटाचण, वह्या, नोंदवह्या आणि ऑनलाइन माहिती भरणं, पालकांचे फोन, बदली तास, कार्यक्रमांची तयारी. पंधरा-पंधरा मिनिटांचा हिशेब पुरे. आठवडा संपला की दोघांनी बसून प्रत्येक ओळीपुढे एक शब्द लिहायचा: बंद, लहान, वाटून किंवा तसंच.

सगळ्यात मोठा ढीग जवळजवळ नेहमी वह्यांचा असतो. हिशेब करून बघा. एका वर्गात चाळीस मुलं, प्रत्येक वहीला तीन मिनिटं, म्हणजे एका गठ्ठ्याला दोन तास. असे चार वर्ग असले तर आठ तास, म्हणजे कामाचा एक अख्खा दिवस, आणि तोही एकाच स्वाध्यायासाठी. नवे शिक्षक हा दिवस रात्रीतून आणि रविवारातून काढतात. बरं, एवढं करून मुलं लाल शेरे वाचतात का? रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांच्या कामाला काहींना फक्त गुण, काहींना फक्त शेरा आणि काहींना दोन्ही देऊन पाहिलं. फक्त शेरा मिळालेल्यांची कामगिरी सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा फारसा झालाच नाही. मुलं गुण बघतात आणि वही मिटतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

म्हणून रोजच्या वह्यांसाठी ही पद्धत शिकवा, आणि पहिल्या वेळी शेजारी बसून एक गठ्ठा सोबत करा. वह्या हातात घ्यायच्या, लाल पेन बाजूला ठेवायचं. वही भरभर वाचत जायची आणि एकाच कागदावर चार रकान्यांत नोंद करायची: बहुतेकांना जमलेलं, बहुतेकांची नेमकी चूक, वर्गात वाचून दाखवण्याजोगं एखादं उत्तर, आणि ज्यांच्याशी स्वतंत्र बोलायला हवं अशा तीन-चार मुलांची नावं. चाळीस वह्या अर्ध्या-पाऊण तासात होतात. दुसऱ्या दिवशी तासाची पहिली दहा मिनिटं त्या कागदावर: चूक फळ्यावर मांडायची, नमुन्याचं उत्तर वाचायचं आणि मुलांनी आपापल्या वहीत दुरुस्ती करायची. सविस्तर तपासणी महिन्यातून एखाद्याच मोठ्या कामाला. शाळेचा "प्रत्येक पानावर सही हवी" असा दंडक असेल तर तो बदलण्यासाठी बोलायची जबाबदारी तुमची आहे. नवा माणूस ते बोलू शकत नाही.

पाठटाचणाचं सोपं आहे: तुमची मागच्या वर्षीची टाचणं, स्वाध्यायपत्रिका, प्रश्नपत्रिका सरळ देऊन टाका. "स्वतः केल्याशिवाय कळत नाही" हा हट्ट नको. आयत्या टाचणात आपल्या वर्गाप्रमाणे फेरफार करतानाही माणूस शिकतो, फक्त वेळेवर झोपतो एवढाच फरक. शैक्षणिक साधनांची रंगरंगोटी, भिंतीवरचे तक्ते, सुशोभन यांना काही महिने सुट्टी द्या.

आणि आता मुख्याध्यापकांना उद्देशून दोन वाक्यं. "तुम्ही तरुण आहात, कराल" म्हणत समित्या, स्पर्धा आणि सूत्रसंचालन ज्यांच्या गळ्यात पडतं, ते शाळेतले सगळ्यात दमलेले लोक असतात, शिवाय सगळ्यात अवघड तुकडीही बऱ्याचदा त्यांच्याच वाट्याला आलेली असते. उरलेल्या वर्षापुरतं त्यांच्याकडे वर्गाव्यतिरिक्त एकच काम ठेवा आणि तसं सगळ्यांसमोर जाहीर करा, म्हणजे नाही म्हणायची पाळी त्यांच्यावर येणार नाही.

पायरी ३: वर्गाची घडी पुन्हा बसवा

ओरडण्यात शिक्षकाची जेवढी शक्ती जाते तेवढी शिकवण्यात जात नाही. वर्ष अर्ध्यावर आलं की नव्या शिक्षकांना वाटतं, आता मुलांना सवय लागली, बदल पुढच्या वर्षीच. तसं नसतं. मोठ्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस यासाठी उत्तम, नाहीतर कुठलाही सोमवार चालतो.

जेकब कूनिन यांनी असंख्य वर्गांचं चित्रीकरण पाहून १९७० मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते इथे फार कामाचे आहेत. शांत वर्गांचे आणि गोंधळाच्या वर्गांचे शिक्षक, मूल चुकल्यावर काय करतात यात विशेष फरक त्यांना दिसला नाही. फरक होता तो गडबड होण्याआधीच्या वागण्यात. वर्गभर नजर असणं आणि ती आहे हे मुलांना कळणं, एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळणं, एका कामातून दुसऱ्यात अडखळल्याशिवाय जाणं. त्यामुळे "शिक्षा काय करू?" या प्रश्नाकडून नव्या शिक्षकांना "गडबड कधी सुरू होते?" या प्रश्नाकडे वळवा. दोन-तीन तास मागे बसून घड्याळ पाहत नोंद करा. बहुतेक वेळा दोनच जागा सापडतात: तास सुरू होतानाची पहिली पाच मिनिटं आणि कामं बदलतानाची, म्हणजे वह्या वाटताना किंवा गटात बसताना.

या दोनच जागा निवडा. सगळं एकदम सुधारायला गेलं की चार दिवसांत सगळं सुटतं. पहिल्या पाच मिनिटांसाठी: मुलं आत यायच्या आधी फळ्यावर एक छोटं काम लिहिलेलं असावं, मागच्या पाठावरचे तीन प्रश्न पुरेत. शिक्षक दाराशी उभे, हजेरी मुलं लिहीत असताना. कामं बदलण्यासाठी: आधी पूर्ण सूचना, मग "कळलं का?"ऐवजी एका मुलाकडून ती वदवून घेणं, मग इशारा आणि मगच हालचाल. सूचना सुरू असताना वह्या वाटणं बंद.

मुलांना हे सांगताना मागचा राग काढायचा नाही. वाक्य तयार करून दिलं तर नव्या माणसाला बरं पडतं: "आपला सुरुवातीचा बराच वेळ वाया जातोय. आजपासून आत आलं की फळ्यावरचं काम सुरू करायचं. आता एकदा बाहेर जाऊन पुन्हा आत येऊन बघू." हो, मोठ्या वर्गांतसुद्धा प्रत्यक्ष सराव करून घ्यायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलं कंटाळतात आणि जुनं डोकं वर काढतं. नवे शिक्षक नेमके तिथे हार मानतात, म्हणून त्या दिवशी तुम्ही पाच मिनिटं वर्गात डोकावून जा. दोन आठवडे न चुकता झालं की घडी बसते.

आवाजाचंही इथेच सांगतो. गोंगाटावर आवाज चढवायचा नाही. ठरलेल्या जागी उभं राहायचं, हात वर करायचा, थांबायचं. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. मुलांचा फायदा तर आहेच, शिवाय दिवसाकाठी अशा शंभर थांब्यांनी घशालाही विसावा मिळतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायलाच हवं. "शिक्षकांचं असंच असतं" म्हणून सोडू नका.

पायरी ४: परिणाम दिसू द्या

"तुम्ही छान शिकवता हो" हे ऐकून दमलेल्या माणसाला दोन मिनिटं बरं वाटतं. अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये 'मला हे जमेल' या विश्वासाचे चार स्रोत सांगितले: स्वतः यश अनुभवणं, आपल्यासारख्या कुणाला यशस्वी होताना पाहणं, दुसऱ्यानं दिलेला धीर, आणि आपल्या शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यात पहिला सगळ्यात बळकट. कौतुक तिसऱ्यात मोडतं.

म्हणून वह्या काढा. पाच मुलं निवडा: एक पुढे असणारं, तीन मधली, एक मागे पडलेलं. प्रत्येकाचं पहिल्या महिन्यातलं एक पान आणि या आठवड्यातलं एक पान शेजारी शेजारी ठेवा. नव्या शिक्षकांनी प्रत्येक जोडीखाली एक वाक्य लिहायचं, काय बदललं ते. "सुधारणा आहे" चालणार नाही. "आधी नुसतं उत्तर लिहायचा, आता पायऱ्या लिहितो" असं हवं. रोज त्याच मुलांना पाहणाऱ्याला बदल दिसत नाही, कागदावर तो लपत नाही. जुनी पानं नसतील तर पहिल्या घटक चाचणीतले तीन प्रश्न पुन्हा द्या.

कधीकधी या तपासणीत बदल दिसतच नाही. तेव्हा खोटं बोलू नका. एखादा लहानसा घटक निवडा, तो दोघांनी मिळून आखा, दोन आठवडे शिकवा, आधी आणि नंतर तेच चार प्रश्न विचारा. लहान घास घेतला की यश लवकर दिसतं आणि पुढचं बळ मिळतं.

दुसऱ्या स्रोतासाठी नव्या शिक्षकांना कुणाचा तरी तास पाहायला पाठवा. इथे एक गफलत नेहमी होते: शाळेतल्या सर्वांत नावाजलेल्या बाईंच्या वर्गात पाठवलं जातं. तिथून माणूस अधिकच खचून परत येतो, कारण वीस वर्षांचा हात पाहून "हे मला कधी जमणार" असंच वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या शिक्षकाकडे पाठवा. वीस मिनिटं आणि एकच प्रश्न घेऊन, उदाहरणार्थ, "गटकाम संपवून सगळ्यांना परत कसं आणतात?"

तुम्ही त्यांचा तास पाहणार असाल तर काय पाहायचं ते त्यांना ठरवू द्या आणि मोजता येईल असं निवडा: किती मुलं बोलली, कामं बदलायला किती मिनिटं लागली. नंतर आकडे हातात द्या आणि विचारा, "यावरून तुम्हाला काय वाटतं?" निकाल देऊ नका. आपल्याला सवय असते ती निकाल द्यायचीच, तेव्हा जरा जीभ चावायला लागेल.

पायरी ५: शाळा शाळेत ठेवायला शिकवा

हा भाग थोडक्यात, कारण वरचं झालं नाही तर याचा उपयोग नाही. शाळा सुटल्यावर निघण्याआधीची दहा मिनिटं ठरलेली ठेवायची: उद्याच्या पहिल्या तासाचं काम फळ्यावर लिहायचं आणि राहिलेल्या तीन कामांपुढे ती कधी करणार ते नोंदवायचं. मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरं काम कधी आणि कसं करायचं एवढं नेमकं ठरवलं तरी ते डोक्यात घोळत राहणं कमी होतं. काम पूर्ण व्हावंच लागतं असं नाही. पालकांच्या संदेशांना उत्तर द्यायची वेळ ठरवून ती पालकांना कळवायची. आठवड्यातली एक संध्याकाळ शाळेच्या कामाविना. झोप सात तासांच्या खाली जाऊ द्यायची नाही. मोठ्या सुट्टीत घरी नेलेले गठ्ठे बहुधा तसेच परत येतात, वर अपराधी वाटतं ते वेगळंच. त्यापेक्षा सुट्टीतला शेवटचा एक दिवस तयारीला ठेवून बाकीचे मोकळे सोडायला सांगा.

पायरी ६: साथ सुरू ठेवा

एकदा बोलून मोकळं होऊ नका. आठवड्यातून वीस मिनिटं, ठरलेला वार, ठरलेला तास, आणि तो तास बदली तासाला जाणार नाही अशी सोय वेळापत्रकातच. अमेरिकेत थॉमस स्मिथ आणि रिचर्ड इंगरसोल यांच्या २००४ मधल्या अभ्यासात असं दिसलं की त्याच विषयाचा मार्गदर्शक आणि सहकाऱ्यांबरोबर एकत्र पाठ आखायला वेळ मिळालेले नवे शिक्षक पहिल्या वर्षानंतर शाळा सोडून जाण्याचं प्रमाण कमी होतं. तेव्हा गणिताच्या नव्या शिक्षकाला शक्य असेल तर गणिताचाच जोडीदार द्या. स्वभाव जुळतो म्हणून भाषेच्या शिक्षकाकडे सोपवलं तर धीर मिळेल, पण अपूर्णांक कसे शिकवायचे ही अडचण तशीच राहील.

या भेटीत तीनच गोष्टी: काय जमलं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात एक काय करून बघायचं. अडलेल्यातली एखादी गोष्ट तुम्ही स्वतः निस्तरून द्या, प्रिंटर दुरुस्त करून घेण्याइतकी क्षुल्लक असली तरी. एखाद्या भेटीत "मी हे सोडावं म्हणतो" असं कानावर आलं, तर "असं बोलू नका" म्हणून तोंड बंद करू नका. ही शाळा सोडायची आहे, हा वर्ग की हा पेशा, ते वेगवेगळं विचारा. बऱ्याचदा उत्तर वर्गाचं किंवा शाळेचं निघतं आणि त्यावर काहीतरी करता येतं. पेशाच सोडायचं निघालं, तर वर्ष पूर्ण होईपर्यंतचा ताण कसा कमी करायचा एवढंच पाहा. मन वळवत बसू नका.

उभारी येऊ लागल्याची एक खूण अशी की चिंतेचा विषय बदलतो. "मला जमेल का" मागे पडतं आणि "अभ्यासक्रम पूर्ण होईल का" पुढे येतं. तेव्हा कॅलेंडर घेऊन शेजारी बसा. परीक्षा, कार्यक्रम आणि सुट्ट्या वजा करून खरे तास किती उरलेत ते मोजा. पुढच्या इयत्तेला ज्यांच्यावाचून अडेल ते घटक आधी बसवा, बाकीच्यांपैकी कुठले एका तासात उरकायचे आणि कुठले मुलांनी स्वतः वाचायचे ते ठरवा. ही यादी मुख्याध्यापकांना दाखवून त्यावर त्यांची सही घ्या, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर "हा धडा का राहिला?" असं कुणी त्या नव्या शिक्षकाला एकट्याला विचारणार नाही.